व्याज, जोखीम आणि खानदेशचे श्रम

नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर देताना, बिनव्याजी अर्थात इस्लामी म्हटल्या जाणाऱ्या बँकव्यवहाराचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरल्याचे कळविले. देशातील सर्व नागरिकांना बँकिंग व वित्तीय सेवांची व्यापक आणि समान संधी उपलब्ध आहे, हे त्याचे कारण देण्यात आले. एका वाक्यात प्रकरण निकालात निघाले. मुसलमानांच्या नावाने निघालेल्या कोणत्याही योजनेला ज्यांचा विरोध ठरलेलाच असतो, त्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. ज्यांच्या दृष्टीने हा केवळ धर्माज्ञेचा प्रश्न होता, त्यांनी हळहळ व्यक्त केली. आणि ज्यांनी त्याकडे श्रमिकांच्या बाजूने पाहावयास हवे होते, त्या डाव्या व समाजवादी मंडळींनी तो मुल्ला-मौलवींचा विषय ठरवून अंग काढून घेतले. या तिघांच्या गदारोळात मूळ प्रश्न मात्र धुळीत मिळाला. भांडवल आणि श्रम एकत्र येऊन संपत्ती निर्माण करतात, तेव्हा बुडीत वर्षाचा भार कोणी वाहावयाचा, हा तो प्रश्न होय.

'समान संधी'ची परीक्षा मुंबईच्या मिंट रोडवर होत नाही. ती जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत करून पाहावी. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४२ लाखांवर आहे, धुळ्याची साडेवीस लाखांवर. रावेर-यावलची केळी, तापी-गिरणाकाठचा कापूस, जळगावच्या डाळ गिरण्या आणि चटयांचे कारखाने, धुळ्याचे यंत्रमाग, भुसावळचे रेल्वे जंक्शन ही या प्रदेशाची उत्पादक शक्ती. सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल आहेत, जे आदिवासीही आहेत आणि मुसलमानही. कापूस पिंजणारे पिंजारी, फळांच्या व्यापारातले बागवान, मागावर बसणारे मोमीन हे सारे या मातीतलेच कष्टकरी. कुणबी-लेवा शेतकरी, भिल्ल-पावरा शेतमजूर आणि हे मुसलमान कारागीर यांच्यात धर्माचे व जातीचे अंतर कितीही असो, एका बाबतीत ते पूर्णपणे समान आहेत. त्यांच्या धंद्यात तोटा आला तर तो सावकाराला, बँकेला वा व्यापाऱ्याला शिवत नाही. तो त्यांच्याच घरात शिरतो.

मे-जूनच्या वादळात केळीची बाग आडवी होते, पण कर्जाचा हप्ता उभाच राहतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापसाची बोंडे पोखरली, तेव्हा व्याजाच्या आकड्याला तिने स्पर्शही केला नाही. २०१६ च्या नोटाबंदीनंतर मागांचा खडखडाट थंडावला, पण मजुरीवर कापड विणून देणाऱ्या छोट्या मागवाल्याचे देणे थंडावले नाही. व्याज या संस्थेचे खरे स्वरूप हेच आहे. ते पिकाकडे पाहत नाही, कॅलेंडरकडे पाहते. उत्पादनाशी त्याला कर्तव्य नाही. उत्पादन होवो अथवा न होवो, आपला वाटा आधी मोजून घेण्याचा तो हक्क आहे.

इस्लामी अर्थव्यवहाराच्या मुळाशी असलेले तत्त्व याच्या नेमके उलट आहे, म्हणून ते समजावून घेणे अगत्याचे ठरते. पैशाने नुसत्या काळाच्या ओघात पैसा प्रसवू नये, ही त्याची पहिली अट. मुदारबा नावाच्या करारात एकाचे भांडवल असते आणि दुसऱ्याचे श्रम व कौशल्य. नफा झाला तर तो आधी ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावयाचा. तोटा झाला तर पैशाचा तोटा भांडवलवाल्याने सोसावयाचा, कारण श्रम करणाऱ्याचे श्रम वाया गेलेलेच असतात. मुशारका या प्रकारात दोघेही भांडवल घालतात, आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो. कर्ज-ए-हसना म्हणजे अडलेल्याला दिलेले बिनव्याजी कर्ज. या तिन्ही शब्दांवरचा अरबी पेहराव बाजूला सारला, तर आत उरतो तो कोणत्याही समाजवादी कार्यकर्त्याला ओळखीचा वाटावा असा विचार: जोखीम न घेता नफ्यावर हक्क सांगता येत नाही.

हा विचार परका आहे असे ज्यांना वाटते, त्यांना महाराष्ट्राचीच ओळख नाही. वाढलेले व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा दंडक हिंदू धर्मशास्त्रातला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा वारकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या भक्तीइतकीच आदराने सांगत आल्या. आणि बटाई तर खानदेशच्या शिवाराशिवारात आहे. एकाची जमीन, दुसऱ्याचे कष्ट आणि पिकाचा वाटा, हा मुदारब्याचाच देशी अवतार म्हणता येईल. पण याच बटाईने एक कठोर धडाही दिलेला आहे. वाट्याचा करार कागदावर नसेल आणि कसणाऱ्याला पाय टेकायला जागा नसेल, तर वाटा नावापुरता उरतो. बी-बियाणे, खत, फवारणी यांचा खर्च बटाईदाराच्या माथी येतो, सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते, म्हणून पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई यांतले काहीच त्याच्या दाराशी येत नाही. तत्त्व कितीही न्याय्य असो, ते राबविणाऱ्या हातांत सत्ता नसेल तर त्याचा शोषणाला पडदा होतो. पुढच्या सर्व विवेचनाची किल्ली येथे आहे.

बिनव्याजी कर्ज अशक्य आहे, असे सांगणाऱ्या शासनाने ते स्वतःच दिलेले आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेतून, २०२१-२२ पासून महाराष्ट्रात मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्के व्याजाने देण्याचे धोरण आले. बँकेचे व्याज सरकारी तिजोरी भरते. म्हणजे बिनव्याजी व्यवहाराने आकाश कोसळत नाही, हे सिद्ध झाले. मात्र या योजनेतील मेख पाहावी. ज्याचे पीक आले, ज्याने मुदतीत पैसे भरले, त्याला व्याज माफ. ज्याचे पीक बुडाले, ज्याची मुदत टळली, त्याची सवलत गेली आणि व्याज लागू झाले. चांगल्या वर्षाला बक्षीस आणि वाईट वर्षाला दंड! ज्याला आधाराची गरज नाही त्याला आधार, आणि जो बुडतो आहे त्याच्या गळ्यात धोंडा. बटाईदार, शेतमजूर, मागवाला आणि फेरीवाला तर या योजनेच्या उंबऱ्याबाहेरच. व्याज शून्य केले म्हणून कर्ज न्याय्य होत नाही. धनकोने तोट्यात वाटा उचलला तरच ते न्याय्य होते.

मुसलमान व्याज घेत-देत नाहीत म्हणून ते बँकेपासून दूर राहतात, अशी एक सोयीची समजूत बँकांच्या व्यवस्थापकांनी जोपासली आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने तिचा बुरखा फाडला. मुसलमान वस्त्यांवर काही बँकांनी 'नकारात्मक क्षेत्र' असा शिक्का मारून तेथे कर्ज देण्याचेच टाळले होते, असे त्या अहवालाने नोंदविले. तेव्हा दरवाजा आतून बंद होता. आज त्याच वस्त्यांत, आणि तितक्याच तत्परतेने भिल्लवाड्यांत व दलित वस्त्यांत, सूक्ष्मवित्त कंपन्यांचे वसुली अधिकारी हप्ते गोळा करताना दिसतात. दहा-वीस बायकांचा गट, एकीचा हप्ता चुकला तर साऱ्यांवर दडपण, आणि व्याजाचा दर वीस टक्क्यांच्या वर. या कर्जावरील नफ्याच्या मर्यादेचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढून घेतले. 'समान संधी' ती हीच काय? श्रीमंतापेक्षा अधिक दराने व्याज देण्याची संधी मात्र गरिबाला खरोखरच समानतेने मिळाली आहे.

उलटपक्षी, धनिकांच्या बाबतीत हे धोरण किती उदार आहे! मुंबई शेअर बाजारात डिसेंबर २०१० पासून शरियतीच्या निकषांवर निवडलेल्या कंपन्यांचा स्वतंत्र निर्देशांक आहे. ज्याच्यापाशी शेअर घेण्याइतका पैसा आहे, त्या मुसलमानाला व्याजाचा विटाळ टाळून गुंतवणूक करण्याची सोय झाली. त्याने देशाची धर्मनिरपेक्षता धोक्यात आली नाही. आखाती देशांचे भांडवल येणार असेल तर पायघड्या घातल्या जातात. धुळ्याच्या मोमीनाने दोन माग घेण्यासाठी भागीदारीचे भांडवल मागितले, की मात्र बँकिंग नियमन कायदा, १९४९ आडवा येतो. बँकेने मालाची खरेदी-विक्री करू नये असे हा कायदा म्हणतो, हे खरे. पण कायदा बदलता येतो. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये आणि दीपक मोहंती यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ मध्ये बिनव्याजी व्यवहाराला वाट द्यावी, असे सुचविलेले होते. दोघांपैकी कोणीही मौलवी नव्हता.

येथे सावध राहण्याचीही गरज आहे. 'हलाल' हा शब्द उच्चारल्याने व्यवहार शुद्ध होत नाही. २०१९ च्या जून महिन्यात बेंगळुरूच्या आय. मॉनेटरी ॲडव्हायझरी या कंपनीचा फुगा फुटला, आणि व्याज नको, नफ्यात वाटा हवा म्हणून पै-पै साठविणाऱ्या हजारो मुसलमान कुटुंबांची पुंजी अडकली. कंपनीचा प्रवर्तक देशाबाहेर गेला आणि परतल्यावर पकडला गेला. यावरून कोणी बिनव्याजी व्यवहारालाच दोष देऊ लागला, तर त्याला जळगावात आणून भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेची हकीकत ऐकवावी. तेथे चढ्या व्याजाचे आमिष होते, सहकाराचे नाव होते. शेवटी २०१५ मध्ये अवसायक नेमण्याची पाळी आली, आणि निवृत्त शिक्षक, विधवा, शेतकरी अशा ठेवीदारांना आपल्याच पैशांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. एकीकडे व्याज निषिद्ध, दुसरीकडे व्याज हेच प्रलोभन, परिणाम एकच. ठेवीदाराच्या हाती हिशेबाची वही नव्हती आणि वर सक्षम देखरेख नव्हती. बिनव्याजी व्यवहाराला अधिकृत दार बंद ठेवण्याचा अर्थ, श्रद्धाळू गरिबाला भामट्याच्या मागीलदाराने आत लोटणे, असाच होतो.

जगभरच्या इस्लामी बँकांचा इतिहासही भाबडेपणाने वाचू नये. इजिप्तमधील मित घम्र या गावी १९६३ मध्ये अहमद अल-नज्जार यांनी जो प्रयोग केला, तो गावकऱ्यांच्या छोट्या बचतीतून गावच्या धंद्याला भागीदारीने भांडवल देण्याचा होता. पुढे १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला, मोठमोठ्या बँका निघाल्या, आणि नफा-तोट्याची भागीदारी हळूहळू कोपऱ्यात गेली. आज त्या बँकांचा बहुतांश व्यवहार मुराबह्याचा आहे. बँक वस्तू विकत घेते, ठरलेला नफा चढवून हप्त्याने विकते. जोखीम पुन्हा ऋणकोच्या डोक्यावर, आणि व्याजाला नुसते नवे नाव. असले व्याज अरबीत उच्चारले म्हणून खानदेशच्या कष्टकऱ्याला ते गोड लागण्याचे कारण नाही.

भागीदारीचे भांडवल आले की प्रदेश आपोआप वर येतो काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इजिप्तला जाण्याचीही गरज नाही. अमळनेर पुरे आहे. डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. खानदेशचा भुईमूग, खानदेशचे मजूर आणि भागभांडवलात अमळनेरच्या सामान्य माणसांचाही वाटा. शेअर म्हणजे अखेर काय? निश्चित व्याजाची हमी नाही. नफा झाला तर वाटा, बुडाली तर बुडाली. मुशारक्याचे तत्त्व याहून वेगळे नाही. कोणी त्याला इस्लामी म्हटले नाही, कोणाचा धर्म बुडाला नाही, आणि हिंदू-मुसलमान दोघांनीही शेअर घेतले. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. ज्या कुटुंबांनी ते कागद जपून ठेवले, ती कुटुंबे कोट्यधीश झाली, आणि वृत्तपत्रांनी अमळनेरचे वर्णन कोट्यधीशांचे गाव असे केले.

वर्णन खरे आहे, पण अर्धेच. शेअरचे मूल्य वाढविणारे संगणकाचे काम बेंगळुरूला उभे राहिले. कंपनीचे मुख्यालय, तिची संशोधन-केंद्रे, तिचे लाखो नोकरदार यांचा अमळनेरशी संबंध उरला तो जन्मगावाचा. भागधारक श्रीमंत झाला, पण भुईमूग पिकविणारा आणि डबे भरणारा जेथे होता तेथेच राहिला. त्याच अमळनेरात प्रताप मिल होती. साने गुरुजींनी तेथल्या कामगारांत काम केले, १९४६ मध्ये त्या गावाने गिरणी कामगारांवरील गोळीबार पाहिला. ती मिल बंद पडली. जळगावची खान्देश मिलही बंद पडली आणि तिच्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहिले. सूत काढणारी यंत्रे गेली आणि विक्रीची दुकाने आली. या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष एवढाच, की भांडवल व्याजाचे असो वा वाट्याचे, त्यातून निर्माण झालेले वरकड मूल्य कोठे आणि कशासाठी गुंतवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार श्रमिकाच्या व प्रदेशाच्या हाती नसेल, तर वाढ कागदावर होते आणि प्रदेश रिकामा होतो.

खानदेश कसा रिकामा होतो हे पाहावयाचे असेल तर नकाशावर तापी नदी पाहावी. तिचे पाणी पश्चिमेला उकाईच्या धरणात जाते. तिच्या काठाने धावणाऱ्या भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशचा माणूसही त्याच दिशेला जातो. उधना, लिंबायत या सुरतेच्या भागांत खानदेशी बोली इतकी ऐकू येते, की तेथे नवखा माणूस आपण महाराष्ट्रात असल्याचे समजावा. कापड गिरण्यांत, रंगाईच्या कारखान्यांत, मागांवर त्याचे श्रम खर्ची पडतात. दिवाळीच्या सुमारास आदिवासी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दक्षिण गुजरातेतील बारडोलीच्या बाजूला आणि पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. या टोळ्यांना हंगामात मिळणाऱ्या खावटीवर किती जबर व्याज आकारले जाते, हे यान ब्रेमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ऊसतोड कामगारांसाठी महाराष्ट्रात महामंडळ निघाले. उचल मात्र अजून मुकादमाचीच.

'श्रमसहभाग वाढला की विकास होतो,' असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात, आणि सरकार त्याचे आकडे झळकविते. देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेल्याचे सरकारी पाहणी सांगते. ऐकणाऱ्याला वाटावे, की बायकांना नोकऱ्या मिळाल्या! पण त्याच पाहणीनुसार काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. मागवाल्याच्या घरात कांड्या भरणारी बाई, केळीच्या बागेत नवऱ्याबरोबर राबणारी बाई, ऊसाच्या फडात पोर झोळीत टाकून मोळ्या बांधणारी बाई, या सहभागी आहेत ते कष्टात, मोबदल्यात नव्हेत. खानदेशचा माणूस काम करीत नाही म्हणून खानदेश मागे नाही. तो भल्या पहाटेपासून काम करतो, पण उचल घेतलेल्या हाताने करतो. आणि ज्याचे श्रम कर्जापोटी आधीच गहाण पडले आहेत, त्याला मजुरीचा दर ठरविता येत नाही.

खानदेशातील सालदारकीचा इतिहास हेच सांगतो. वर्षभराचे श्रम आगाऊ रकमेत बांधून टाकणारी ती पद्धत होती. १९७० च्या दशकात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे-तळोदे भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली आदिवासी उभे राहिले. सावकारांकडे गेलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र मांडल्या, हे त्या लढ्याचे मर्म होते. कर्जाचा प्रश्न आणि श्रमाचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हे त्या निरक्षर भिल्लांना उमगले होते. आजच्या विद्वान समित्यांना ते अद्याप उमगावयाचे आहे.

राहिला गुंतवणुकीचा प्रश्न. गुंतवणूक परिषदा भरतात, करारांवर सह्या होतात, छायाचित्रे निघतात. खानदेशात स्थिर रोजगार कोणत्या गुंतवणुकीने दिला, हे मात्र भुसावळला जाऊन पाहावे. रेल्वे, भुसावळ व वरणगावचे आयुध निर्माणी कारखाने, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, ही सारी सार्वजनिक गुंतवणूक. तिने कामगाराला महिन्याचा पगार, घर आणि निवृत्तिवेतन दिले. तिच्यामुळे त्याची मुले शिकली. याउलट तापीवरचा पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प गेल्या शतकाच्या अखेरीस हाती घेतला गेला, आणि पाव शतक उलटले तरी अमळनेर-चोपड्याच्या शेतकऱ्याच्या शेतात त्याचे पाणी पोहोचले नाही. प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी १९८४ मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे झाली. विदर्भाला मंडळ मिळाले, मराठवाड्याला मिळाले. खानदेशला मात्र 'उर्वरित महाराष्ट्र' या पोत्यात मुंबई-पुण्याबरोबर कोंबण्यात आले. पुण्याच्या सुबत्तेशी सरासरी काढली, की धुळ्याचे दारिद्र्य नाहीसे होते! अंकगणिताने इतक्या स्वस्तात दारिद्र्यनिर्मूलन दुसरीकडे कोठे झाले नसेल.

तेव्हा मागणी काय करावयाची? 'इस्लामी बँक द्या' ही मागणी अपुरी आहे, आणि 'इस्लामी बँक नको' ही मागणी निरर्थक आहे. मागणी हवी ती जोखमीत वाटा उचलणाऱ्या सार्वजनिक आणि सहकारी भांडवलाची. राज्यातच तिची चुणूक दिसलेली आहे. २०१६ मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने आपल्या बारामती शाखेत बिनव्याजी व्यवहाराचे दालन उघडले. तिच्या प्रवर्तकांचा पक्ष दिल्लीत आणि मुंबईत सत्तेवर होता. त्यांना जे बारामतीत चालले, ते रावेर, पारोळे आणि धुळ्यात का चालू नये?

पण दालन उघडताना त्याच्या अटी श्रमिकांच्या बाजूच्या असाव्या लागतील. ते सर्व धर्मांच्या आणि जातींच्या कष्टकऱ्यांना खुले असावे. एकाच समाजाचे दालन म्हणून त्याला वेगळे पाडण्याचा डाव दोन्ही बाजूंच्या धर्मांधांना खेळू देऊ नये. परतफेड पिकाशी आणि धंद्याच्या खऱ्या उत्पन्नाशी बांधलेली असावी. बुडीत वर्षी हप्ता आपोआप थांबावा आणि त्याचा तोटा कर्ज देणाऱ्या संस्थेने व शासनाच्या हमी-निधीने वाटून घ्यावा. आज व्याज सवलतीवर खर्च होणारा पैसा या निधीचा पाया होऊ शकतो. सातबारा नसलेला बटाईदार, मालकीचा माग नसलेला विणकर, घरी कांड्या भरणारी स्त्री यांना कर्जासाठी पात्र धरावे. ऊसतोड कामगाराला हंगामापूर्वीची गरज भागविणारे बिनव्याजी कर्ज गावातच मिळावे, म्हणजे मुकादमाच्या उचलीचा फास सुटेल. संस्थेची वही ठेवीदार आणि ऋणको या दोघांनाही उघडी असावी, आणि संचालक मंडळावर निवडून आलेले कष्टकरी असावेत. नाहीतर सहकारी साखर कारखान्यांची आणि पतसंस्थांची जी गत धनदांडग्यांनी केली, तीच येथेही होईल. तालुक्यात गोळा झालेल्या ठेवींपैकी किती पैसा तालुक्यातच गुंतला, याचा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. आणि या साऱ्याच्या जोडीला पाडळशाचे पाणी, रोजगार हमीची कामे व सार्वजनिक उद्योग यांची मागणी असावी, कारण पाण्यावाचून आणि रस्त्यावाचून भागीदारीला नफाच होणार नाही, मग वाटावयाचे काय?

यावर डाव्या गोटातूनच एक आक्षेप निघेल, की धर्मातून आलेल्या कल्पनेला हात लावणे म्हणजे धर्मसत्तेला बळ देणे. आक्षेप प्रामाणिक आहे, पण उथळ आहे. ज्यांनी वारकरी परंपरेतून समतेचा आशय वेचला, त्यांनी इस्लाममधल्या व्याजविरोधातून आर्थिक न्यायाचा आशय वेचण्यास संकोच करण्याचे कारण नाही. धर्माज्ञा म्हणून नव्हे, श्रमिकाच्या हिताचे म्हणून ते घ्यावे. आणि जेथे तो आशय सोडून नुसते नाव उरते, तेथे त्यावर तितक्याच निष्ठुरपणे टीका करावी. मोमीन विणकराच्या मनातला व्याजाचा तिटकारा आणि कुणबी शेतकऱ्याच्या मनातला सावकाराचा तिटकारा यांची गाठ समाजवाद्यांनी घालून दिली नाही, तर पहिल्याला 'हलाल'चा दलाल घेऊन जाईल आणि दुसऱ्याला 'त्यांच्यापासून धोका आहे' असे सांगणारा. दंगलीत दोघांची दुकाने जळतील, आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्याही दाराशी वसुलीवाला उभा असेल.

म्हणून जळगाव-धुळ्यातील कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. मागांच्या वस्तीत आणि केळीच्या गावांत एकच प्रश्न घेऊन जावे: गेल्या पाच वर्षांत तोटा किती आला आणि तो कोणी भरला? घरोघरची ही नोंद करावी. तिच्या आधारे जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या आणि नागरी सहकारी बँकांच्या सभांत ठराव मांडावेत, सभासद शेतकऱ्यांना आणि विणकरांना एका मंचावर आणावे. श्रमाने नेहमीच जोखीम घेतली आहे. आता भांडवलाला ती घ्यावयास लावण्याची वेळ आली आहे.